खांबापलीकडे

निळी वॉटर स्कूटर पुन्हा पाण्यातल्या त्या लाल खांबापाशीच ढेपाळली, तेव्हा मिस्त्रीने डोक्याला हात लावला. काय बिनसलं होतं त्या मशीनचं, देव जाणे! एकटा माणूस बसला तर काही नखरा नाही, वाऱ्यासारखी पळायची. पण मागे दुसरं कुणी बसलं, की खांबापर्यंत जाईस्तोवर पीं पीं करत जोर सोडायची आणि गोगलगायीच्या चालीने परत यायची. आठवडाभर हेच नाटक चाललं होतं.

पेट्रोल बदलून झालं, फिल्टर झाला, खालची जाळी उघडून पाणी फेकणारा पंखाही बघून झाला. शेवटी मिस्त्रीने आपली नेहमीची युक्ती काढली. धडधाकट मशीनचा भाग काढायचा आणि आजारी मशीनला लावून बघायचा. पिवळ्या स्कूटरचे तिन्ही प्लग त्याने काढले, तिच्या भोकांत चिंध्या कोंबल्या आणि निळीचे काळवंडलेले प्लग डब्यात टाकून दिले.

"हळू रे, तुफान!" पिवळीचे प्लग निळीत बसवणाऱ्या मेहुण्यावर तो खेकसला. "आधी बोटांनी फिरव, मग पाना लाव. आटे गेले की इंजिन गेलं."

बायकोच्या या धाकट्या भावाला तुफान हे नाव मिस्त्रीनेच ठेवलेलं. गडी कामाला वाघ, पण धीर म्हणून कशाला म्हणतात ते त्याच्या गावीही नव्हतं.

"भाऊजी, तुमच्या या हळूहळूपायी माझे केस पिकतील," तुफान म्हणाला.

प्लग बदलूनही निळी खांबापाशी गेली आणि ढेपाळलीच. मिस्त्रीची लेक शेडच्या दारात उभी राहून बघत होती. भाड्याने स्कूटर नेणाऱ्या गिऱ्हाइकांना तरंगायची जॅकेटं घालून देण्याचं काम तिचं. वीस वर्षांची पोर, पण कान बापाचे.

"बाबा, इंजिन तापत असणार. तापलं की मशीन आपणहून जोर कमी करतं ना?"

"अगं, नळाला जोडून चालवून बघितलं की मी! पाण्याची धार कशी मस्त पडत होती. पाणी खेळतंय तर तापेल कशाला?"

"मग तापमान सांगणारा सेन्सरच थापा मारतोय," तुफानने निकाल देऊन टाकला.

"बघू जेवून," म्हणत मिस्त्री आत गेला.

तो परत आला तर निळीचं झाकण लागलेलं आणि तुफान हात पुसत दात काढतोय. शेडचा एक नियम होता, मिस्त्रीनेच केलेला. झाकण जो लावेल, पहिली फेरी त्याची. आणि दुसऱ्याने लावलेलं झाकण कुणी उघडायचं नाही. उघडलं म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं व्हायचं, मग दोन दिवस रुसवेफुगवे.

"काय केलंस रे?"

"समजावलं तिला. आता तक्रार करायची नाही."

"दोघांचं वजन लागेल ना? मी बसते मामाच्या मागे," लेक म्हणाली आणि तिने नारिंगी जॅकेट चढवलंसुद्धा.

मिस्त्रीने पाण्याकडे बघितलं. वारा पाठीमागून, जमिनीकडून सुटला होता. काठाजवळचं पाणी गुळगुळीत, पण खांबाच्या पलीकडे काळं पडलेलं. त्याचा हात झाकणाकडे गेला.

"काय भाऊजी, परीक्षा घेताय होय?" तुफानचा चेहरा पडला.

मिस्त्रीने हात मागे घेतला. "जा. पण खांबापलीकडे नको."

निळी अशी काही सुटली की बघत राहावं. मिस्त्री शेडमध्ये येऊन पसारा आवरायला लागला. कोपऱ्यात सुट्या भागांसाठी ठेवलेली एक मेलेली स्कूटर होती. तिच्या इंजिनवरची धूळ एका जागी पुसलेली दिसली. तिथे ताजं भोक होतं. सेन्सर गायब. खाली प्लास्टिकच्या पट्टीचा कापलेला तुकडा पडला होता.

मिस्त्रीने तो तुकडा उचलला. गाढवाने जुना सेन्सर निळीच्या वायरला जोडला होता आणि पट्टीने बांधून हवेत लटकवला होता! इंजिनला न टेकलेला तो सेन्सर मशीनला सांगत राहणार, सगळं थंड आहे. मशीन ओरडणार नाही, जोरही सोडणार नाही. शेडमध्ये नळच पाणी रेटत होता, म्हणून धार पडली. बाहेर दोघांचं वजन ओढताना इंजिन जास्त तापणार आणि नळीत अडकलेल्या कचऱ्यामुळे त्याला पुरेसं पाणी मिळत नसणार. आता धुराची रबरी नळी वितळेल, निळीच्या पोटात पाणी शिरेल. आणि पेट्रोलची टाकी त्या दोघांच्या अगदी पुढ्यात.

तो काठावर धावला, दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवायला लागला. "परत या! अरे, परत या!"

लेकीने बघितलं. तिनेही दोन्ही हात वर केले, आनंदाने हलवले. बाबा खूश झाले असंच तिला वाटलं असणार. तुफानने आणखी वेग दिला. खांब आला. खांब गेला. निळीचा आवाज जराही बसला नाही.

"मर गं बाई," मिस्त्री निळीकडे बघून म्हणाला. "एकदा मर. सोड ना जोर." आठवडाभर ज्या दुखण्याला त्याने शिव्या घातल्या होत्या, तेच तो आता मागत होता.

मग तो पिवळीकडे पळाला. भोकांत चिंध्या. तिचे प्लग त्या दोघांबरोबर गेलेले. त्याने निळीच्या प्लगांचा डबा उपडा केला, फोन खांद्याने कानाशी दाबला. बचाव पथकाची बोट पलीकडच्या किनाऱ्याला होती; निघतोय म्हणाले, वेळ लागेल म्हणाले. पहिला प्लग घाईत तिरका गेला, अडकला, त्याने तो उलटा फिरवून काढला.

तेवढ्यात बाहेर निळीचा आवाज खोकला आणि थांबला.

दारातून त्याला दिसलं. पाण्यालगत काळा धूर, निळं नाक वर उचललेलं, शेजारी दोन नारिंगी ठिपके. वारा त्यांना बाहेर ओढत होता, एकमेकांपासून लांब. दुसरी होडी नव्हती. पोहत जावं तर तो खांबापर्यंतही पोचला नसता.

"बाबा!" अगदी बारीक आवाज आला.

डोळे रडत होते. तरी मिस्त्रीने वर बघितलं नाही. त्याने प्लग भोकावर सरळ धरला आणि नुसत्या बोटांनी, हळूहळू, फिरवायला लागला. अजून दोन बाकी होते.