शेवटचा हात

परवा मिस्त्रीने बनवलेलं टेबल कधी डगमगत नसे, हे त्याच्यावर चिडलेली गिऱ्हाइकंसुद्धा मान्य करत. चिडलेली गिऱ्हाइकं मात्र पुष्कळ होती. 'कधी देता?' म्हटलं की 'परवा' हे उत्तर ठरलेलं, म्हणून तर हे नाव पडलं. चौकट काटकोनात उभी राहायची, सांध्यात केस शिरणार नाही इतकं नेटकं काम व्हायचं, आणि सगळं होत आलं की या माणसाचं मन त्यातून उडायचं. कडी, मूठ, राहिलेले चार स्क्रू, कडा घासणं हे सगळं त्याच्या लेखी झाल्यातच जमा.

ते झाल्यातच जमा असलेलं काम खरोखर करायची ती त्याची बायको. तिला सगळे पॉलिशवाली म्हणत. कडा ती घासायची, खिळ्यांची भोकं ती बुजवायची, स्पिरिटात विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने ती चढवायची, आणि जाता जाता कड्या-मुठीही तीच बसवायची. तिची नखं कायमची तपकिरी झाली होती. लोक म्हणायचे, मिस्त्री लाकूड जोडतो आणि पॉलिशवाली गिऱ्हाइकं. ऐकून तिला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

एका वस्तूला मात्र तिने हात लावला नव्हता. लग्न झालं त्या वर्षी त्याने तिच्यासाठी कपड्यांचं कपाट केलं. लाकूड स्वतः जाऊन निवडून आणलं होतं. दाराला मुठीसाठी खाच कोरून झाली, पितळी मूठही आणून झाली, फक्त बसवायची राहिली. "ती मीच बसवणार. तू हात लावायचा नाहीस, हे माझ्याकडून तुला आहे," असं त्याने बजावलं होतं. एकोणीस वर्षं ती त्या खाचेत बोट घालून कपाट उघडत होती. आल्यागेल्याला दाखवायची, "बघा, आमच्या ह्यांचं प्रेम. अजून पूर्ण व्हायचंय." हसण्यावारी नेलं की पुष्कळ गोष्टी चालून जातात.

एका दुपारी मिस्त्री मापं घ्यायला बाहेर गेला होता आणि ती एका खुर्चीच्या पाठीवर लाखेचा दुसरा हात देत होती. दारात पिकल्या केसांची, सपाट चपलांतली एक बाई येऊन उभी राहिली.

"टेकू नका, ओली आहे," पॉलिशवाली सवयीने म्हणाली.

"मी खुर्चीसाठी नाही आले. मी त्याची पहिली बायको." बाईने पर्समधून एक कागद काढला. "पहिली म्हणजे, कोर्टाच्या म्हणण्याप्रमाणे अजून एकुलती एकच."

ही बाई नर्स होती, एवढंच तिला ठाऊक होतं. मिस्त्रीचं आधी एक लग्न झालं होतं आणि ते कायदेशीर मोडलं होतं, हे त्याने लग्नाआधीच सांगितलेलं. तो विषय नंतर घरात कधी निघाला नव्हता.

नर्सबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. "पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. फॉर्मात 'घटस्फोटित' लिहिलं, तर कारकून म्हणाला, हुकमाची नक्कल जोडा. नक्कल आणायला कोर्टात गेले, तर हुकूमच नाही."

"नाही म्हणजे?"

"आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला होता. सह्या झाल्या. सहा महिन्यांनी दोघांनी परत हजर राहून एकदा 'हो' म्हणायचं होतं. तोवर माझी लांब बदली झालेली. फोन केला, तर हा म्हणाला, एवढ्या लांबून येऊ नकोस, वकील बघून घेतील. आठ दिवसांनी त्यानेच कळवलं, झालं म्हणून." त्यांनी कागद पुढे केला. "फायलीत ही एवढीच ओळ आहे. दोघेही गैरहजर, अर्ज काढून टाकला. चूक माझीही आहे. चार वर्षं संसार केला होता मी त्याच्याशी. त्याचं 'झालं' म्हणजे किती झालं, हे मला कळायला हवं होतं."

हे पॉलिशवालीला इतकं पटलं की रडू यायच्या आधी तिला हसूच आलं. तेवढ्यात हातातला बोळा खुर्चीच्या पाठीला चिकटून बसला. तो थर वाया गेला.

संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला, कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली.

"अगं, त्या दिवशी एका शाळेची बाकं पोचवायची होती," तो म्हणाला. "मग म्हटलं, नवीन अर्ज करू. तेवढ्यात तू भेटलीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तसं माहीत होतं."

"आपलं लग्न झालं त्या दिवशी?"

त्याने मान खाली घातली. "रोज सांगणार होतो गं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग वाटलं, आता कोण विचारतंय."

"मग मी तुमची कोण?"

"असं काय बोलतेस! बायको आहेस."

"कुठल्या कागदावर?"

लग्न चार माणसांसमोर घरच्या घरी झालं होतं. नोंदणी परवा करायची होती.

पुढचे कितीतरी दिवस, वसतिगृहातून मुलाचा फोन आला की ती 'सगळं ठीक आहे' म्हणायची आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत बसायची. फसवलं म्हणावं, तर हा माणूस फसवण्याचे कष्ट घेणाऱ्यातला नव्हता. त्याला त्या दिवशी कंटाळा आला होता. तिचं सगळं आयुष्य एका माणसाच्या कंटाळ्यावर उभं होतं, आणि ही गोष्ट तिला काही केल्या गिळता येत नव्हती.

रडून झाल्यावर तिने जन्मभर जे केलं तेच केलं. त्याचं अर्धवट काम हातात घेतलं. वकील तिने गाठला, नर्सबाईंच्या सोयीची तारीख तिने जमवली, दोन्ही वेळा मिस्त्रीला अंघोळ करायला लावून, शर्टाला इस्त्री करून कोर्टात नेलं. स्वतःच्या नवऱ्याचा घटस्फोट इतक्या हौसेने करून देणारी बाई त्या इमारतीने पाहिली नसेल. दुसऱ्या तारखेला दारावरच्या शिपायाने तिला अडवलं.

"तुम्ही कोण?"

तिने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री चपलेकडे बघत राहिला.

"माझ्याबरोबर आहेत," नर्सबाई म्हणाल्या, आणि तिचा दंड धरून तिला आत घेऊन गेल्या.

हुकूम झाला. घरी आल्यावर तिने नक्कल कपाटात ठेवली आणि त्याला म्हणाली, "आता आपलं. पण हे मी करणार नाही. नोटीस तुम्ही भरायची, तारीख तुम्ही घ्यायची, साक्षीदार तुम्ही आणायचे. मी नुसती येईन."

"बघच तू," तो म्हणाला.

आणि खरंच, चार दिवसांत तो नोंदणी कार्यालयातून फॉर्म घेऊन आला! त्याने सांगितलं तिथे तिने सही केली. महिन्यानंतरचा गुरुवार मिळाला, सकाळी अकरा. त्याने ती तारीख कारखान्याच्या भिंतीवर जाड पेन्सिलने लिहून ठेवली. तिला वेड्यासारखा आनंद झाला. चोरून तिने नवे कपडे शिवून घेतले. तीन साक्षीदारांपैकी एक तिने स्वतःहून ठरवला, बाकीचे दोघे तो आणणार होता.

महिनाभर तिने जीभ चावून धरली. एकदाही तारखेचा विषय काढला नाही. शेवटच्या आठवड्यात एका दवाखान्याचं काम आलं आणि रॅकच्या फळ्या भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या. तारीख फळ्यांमागे गेली. एक फळी इकडे सरकवली असती तर दिसली असती. तिने सरकवली नाही.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "आज रॅक बसवायचंय. डबा लवकर दे." तिने डबा दिला. कदाचित दवाखान्यातून परस्पर येईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

कार्यालयातल्या बाकावर नर्सबाई आधीच येऊन बसल्या होत्या. तिने ठरवलेली साक्षीदार ती हीच. अकरा वाजले, बारा वाजले. दोनदा पुकारा झाला.

"मी फोन करते त्याला," नर्सबाई म्हणाल्या.

तिने त्यांचं मनगट धरलं. "नको ताई. फोन केला तर ते येतील. धावत येतील."

नर्सबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. कपाटं बंद करता करता कारकुनाने विचारलं, "पुढची तारीख देऊ का?" तिने मान हलवून नाही म्हटलं.

घरी मिस्त्री खुशीत बसला होता. केसांत भुसा होता. "रॅक असं बसलंय म्हणतेस," तो सांगू लागला, आणि मग त्याला तिचे नवे कपडे दिसले. त्याचा चेहरा उतरला.

"आज गुरुवार?"

"हो."

"अगं, मग आठवण का नाही करून दिलीस?"

त्याच्या आवाजात कांगावा नव्हता. तो अगदी मनापासून विचारत होता. तिला खरं लागलं ते तेच.

तो घाबरला. उठून त्याने हत्यारांची पेटी उपसली, तळातून कागदात गुंडाळलेली पितळी मूठ काढली. एकोणीस वर्षांचा कागद हातात चुरगळून गेला. खाचेत मूठ अचूक बसली. घड्याळात पाहिलं तर सगळी मिळून चार मिनिटं लागली होती.

"घे. उघडून बघ."

तिने मूठ धरून ओढली. दार उघडलं, पण मूठ हातात फिरली. दोन स्क्रूंच्या जागी एकच होता.

"दुसरा?" तिने विचारलं.

"पेटीत असेल कुठेतरी. एकावरही टिकेल गं. दुसरा लावतो नंतर."

सवयीने तिचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. तिने तो उचलला, क्षणभर धरला, आणि त्याच्या हातात दिला. मग कपाटावरची बॅग खाली काढली आणि खालच्या कप्प्यापासून कपडे भरायला सुरुवात केली.