गुरुवारची सावली

मानसिंग जाधव हवाई दलात हवामानाच्या कामाला होता. निम्मं आयुष्य आकाशात फुगे सोडून तो निवृत्त झाला आणि उंब्रजजवळच्या आपल्या गावी परतला. सैन्यातून आलाय एवढं गावाला पुरेसं होतं. गावानं त्याला परस्पर मेजर करून टाकलं.

मेजर नुसता बसून बरा दिसत नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या फळ्याची अर्धी बाजू त्याला मिळाली. दर रविवारी तो तिथं आठवड्याचं हवामान लिही. घोटाळा एवढाच, की उरलेल्या अर्ध्या बाजूला शेतीपंपांच्या लायटीचं वेळापत्रक असे. फळा तोच, खडू तोच. त्यामुळं वायरमन जशी लाईट सोडतो तसं मेजर ऊन-वारा सोडतो, हे गावानं काही चर्चा न करता धरून चाललं. बुधवारचा वारा शुक्रवारवर ढकला, उसावर औषध मारायचंय, असं सांगायला माणसं घरी येत. मानसिंगनं आधी समजावलं. मग दमून तो "बघतो" म्हणायला लागला. त्यानंतर त्याच्या अधिकाराविषयी गावात कुणालाच शंका उरली नाही.

चैत्रातल्या एका रविवारी तो फळा पुसत असताना शेजारच्या रंगूबाई आल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली. नातू ऋषिराज फौजेत, बर्फातल्या चौकीवर होता. पोरगं सुखरूप आलं तर उरुसाच्या गुरुवारी भर दुपारी अनवाणी पीरमाळ चढून दर्ग्याला जाईन, असं त्या बोलून बसल्या होत्या. पोरगं आलं आणि खाटेवर पडून मोबाईल बघत होतं. नवस तेवढा राहिला होता.

"मानसिंगा, गुरवारी दुपारी माळाच्या वाटंवर जरा सावली टाक."

मानसिंगनं फळ्यावर ढग काढून दाखवला. जमीन तापते, हवा वर जाते, वर गार होते. मग तिच्यातली वाफ धुळीच्या कणाला धरून बसते आणि थेंब होतो. असे अगणित बारके थेंब म्हणजे ढग. पण या आठवड्यात हवेत वाफच नाही. चुकून एखादा कापशी ढग आला तरी चारनंतर. तेव्हा काकी, चार वाजता चढा.

रंगूबाईंनी मन लावून ऐकलं.

"धूळ हाय. जमीन तापलीया. वाफंचं तेवढं तू बघ," त्या म्हणाल्या. "आन पीराला म्या दुपार बोललीया. तुज्या सोयीनं न्हाई बदलायची."

त्याच वाटेवर मागच्या वैशाखात एक धडधाकट गडी भोवळ येऊन पडलेला मानसिंगनं पाहिला होता. म्हातारी ऐकणार नव्हती, हेही दिसत होतं. आकाशाविषयी त्यानं आजवर एक खोटी ओळ लिहिली नव्हती. त्या दिवशी लिहिली : 'गुरुवार. दुपारी पीरमाळाच्या वाटेवर सावली.'

मग तो रोज वर बघू लागला. आकाश घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं कोरडं. दुपारी डोळा लागला की त्याला जन्मभर सोडलेले फुगे परत येताना दिसत. प्रत्येकाच्या पोटात इवलीशी ओल. अंगणाशी येऊन ते हळूच विचारत, साहेब, ही कुठं ठेवू?

गुरुवारी पिंजलेल्या कापसाएवढाही ढग नव्हता. माळाच्या पायथ्याशी गाव जमलेलं. मानसिंगनं छत्री पुढं केली. रंगूबाईंनी ती बाजूला सारली. "छत्री धरून कसला नवस रं? वरनं ईल ती सावली चालंल."

उरुसाचा मांडव मोहिद्दीन घालत होता. गेलेल्या दिव्याकडं बघावं तसं त्यानं वर पाहिलं. वेळापत्रकातली लाईट आली नाही तर गाव वायरमनशी भांडत बसत नसे, जनरेटर काढत असे. मोहिद्दीननं मांडवाचं एक पांढरं कापड सोडवलं आणि चार कोपऱ्यांना चार कळक बांधले.

"मेजर, सप्लाय गेल्याली दिसतीया. ह्यो कोपरा धरा."

एक कोपरा मोहिद्दीननं धरला, एक त्याच्या भावानं, तौसीफनं. चौथ्यासाठी ऋषिराजनं मोबाईल खिशात घातला. रंगूबाईंनी मान वर केली. "आला व्हय," म्हणाल्या आणि पाऊल टाकलं. पुढचे दोघं जरा आघाडीवर चालत होते, म्हणजे पावलाआधी सावली पोचावी.

तापलेल्या माळावरची हवा कापडाखाली शिरली. कापड फुगलं आणि वर जायला बघू लागलं. सुटण्याआधी फुगा हाताला देतो तीच ओढ मानसिंगच्या बोटांना लागली. क्षणभर त्याला वाटलं, सोडलं तर हे जाईल. त्यानं सोडलं नाही. खालून गाव बघत होतं, माळावरून काहीतरी पांढरं सरकत होतं, आणि कुणी हसत नव्हतं.

दर्ग्याच्या पायरीशी रंगूबाई टेकल्या, घोटभर पाणी प्यायल्या. पाय पोळले होते, डोकं शाबूत होतं.

रविवारी मानसिंगनं आधी मागची ओळ निस्तरली : 'गेला गुरुवार. आकाश निरभ्र. अपवाद, पीरमाळावर एक पांढरा ढग. तळ सात फुटांवर. म्हातारीच्या चालीनं वर गेला. पाऊस नाही.'

फळ्यापुढं थांबलेल्या आप्पासोंनी ते दोनदा वाचलं.

"मेजर, शनवारी नातीची हळद हाय. ह्यो ढग मोकळा हाय का?"

मानसिंगनं वर पाहिलं नाही. मोहिद्दीनच्या मांडवाच्या दुकानाकडं पाहिलं.

"बघतो," तो म्हणाला.