शिट्टीचा दात

"आज काढताय ना, मग आजच नवा बसवून टाका," मी खुर्चीत आडवा पडूनच म्हणालो.

दातांची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. "काका, एवढी घाई? लग्न ठरलंय की काय?"

"ह्यांना कोण देणार मुलगी!" बायको कोपऱ्यातून म्हणाली.

घाई होतीच. निवृत्तीला पंचवीस दिवस उरले होते. मालधक्क्यावर मी क्रेनला इशारे देतो, तोंडात दोन बोटं घालून. धक्क्यावर तीन क्रेन. बाकीच्या दोन पत्र्याच्या शिट्टीवर चालतात, दोन्हींचा आवाज सारखाच. माझा क्रेनवाला मात्र एकोणतीस वर्षं फक्त माझ्या तोंडच्या शिट्टीवर वजन हलवतो. सदा वरून हुकूम सोडतो म्हणून आम्ही त्याला उंटवाला म्हणतो. शेवटचं वजन माझ्या शिट्टीने उतरावं, एवढंच मनात होतं. आणि नेमका पुढचा दात दगा देऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. "मुळाशी पू झालाय, पुढचं हाड खाल्लं गेलंय. ते शाबूत असतं तर दात काढल्याबरोबर स्क्रू बसवला असता. आता आधी जखम भरू दे. दोन महिन्यांनी स्क्रू. हाडानं तो धरला, की आणखी तीन-चार महिन्यांनी वर दात."

"आत्ताच घट्ट पिळला तर?"

"हलेल, काका. मग तोही जाईल आणि उरलंसुरलं हाडही."

नव्या भरावावर रूळ टाकून लगेच क्रेन चढवायला निघालेल्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता कुठल्या तोंडानं भांडणार?

"काढा," म्हणालो.

तोवर लावायला काढता-घालता येणारा दात मिळाला. "हा दिसण्यापुरता. शिट्टी मारायची नाही," असं बजावून दिला. नऊ दिवस रजेवर काढले; दहाव्या दिवशी धक्क्यावर आलो आणि मारलीच. शिट्टी झाली फुस्स, आणि दात उडाला तो थेट पाइपांच्या थप्पीखाली. चार हमाल गुडघ्यांवर बसून शोधत होते.

मुकादमानं पत्र्याची शिट्टी हातात दिली. "ही चालली तर ठीक, नाहीतर उरलेले दिवस शेडमध्ये बसा."

मी फुंकली. वरचं वजन जागचं हललं नाही. उंटवाल्यानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"कोण फुंकतंय रे खाली?"

"मीच!"

"मला काय कळणार? हातानं सांग!"

"तू कधी खाली बघतोस का?"

"आता बघीन की!"

आणि बघितलंही. पंधरा दिवस तो खिडकीतून वाकून माझ्या हातांकडे बघत होता. घरी जाताना मान चोळायचा आणि माझ्या दाताचा उद्धार करायचा.

शेवटच्या दिवशी शेवटची पेटी आली. मी तळवा हळूहळू खाली नेला. पेटी जमिनीला टेकली, धूळसुद्धा उडाली नाही. मी आकडा सोडवला.

तेवढ्यात वरून शिट्टी आली. फाटकी, थुंकीनं भरलेली. पहिली फसली, म्हणून पुन्हा मारलेली. एक लांब, एक आखूड. म्हणजे काम झालं, उतर. रोज संध्याकाळी ती मी त्याला द्यायचो.

'कळलं' म्हणून मी हात वर केला, आणि हातमोजे काढले.