डिकीतलं गाठोडं

मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी जिलेबी आली, तीही सगळ्यांनी मिळून फस्त केली, आणि इकडे बाळंतीण शिवकन्या पांढरीफटक पडत चालली होती. तिची धाकटी जाऊ रुद्राणी, स्वतः पाच महिन्यांची पोटुशी, उशाशी बसून ते बघत होती.

उदगीरच्या त्या दवाखान्यात बाळंतीण खोलीत आल्यावर तिच्या अंगाखालचे रक्ताचे कपडे घरच्या बायकाच बदलत. आणि यांच्या घरची रीत अशी, की त्या कपड्यांवर परक्याची नजर पडली तर बाळाला भोवते. सासूबाई पार्वतम्मांनी रीत मोठ्या निष्ठेनं पाळली. भिजला कपडा की काढ, लुगड्यात कोंब, दुसरा घाल. मग ते गाठोडं खताच्या रिकाम्या पिशवीत घालून त्यांनी गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं, शेतात पुरायला.

डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी नाडी धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खालचा कपडा तर नुकताच बदललेला, जेमतेम डागाळलेला.

"नाडी इतकी पळतेय आणि रक्त फार दिसत नाही. किती कपडे झाले?"

"दोनच," पार्वतम्मा म्हणाल्या.

"दोन न्हाईत, लई झाले," रुद्राणी म्हणाली.

"तू गप. पहिलटकरणीला काय कळतंय?"

"मला कपडे दाखवा," डॉक्टर म्हणाल्या. "वजन केलं की किती गेलं ते कळेल. त्यावर ठरवू, इथं ठेवायचं की लातूरला हलवायचं."

"टाकून दिले," पार्वतम्मांनी ठोकून दिलं.

रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई हातची चाललीय आणि यांना नजरेची पडलीय! ती उठली ती थेट दवाखान्याच्या अंगणात. तिथं सासरे गुरुबसप्पा चार पाहुण्यांत बसले होते. त्यांच्यासमोर ती आजवर मान वर करून उभी राहिली नव्हती.

"भावजी, डिकी उघडा," ती शिवकन्येच्या नवऱ्याला, अमरेशला म्हणाली. अमरेश बापाकडे बघू लागला.

"सूनबाई, बायकांचं चारचौघांत आणायचं न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले. "आत जा."

"आत जाऊन काय करू, मामा? तिकडं अक्का मरायली. किल्ली द्या, न्हाई तर दगडानं फोडते!"

अमरेशनं किल्ली दिली. तिनं पिशवी फाडली, गाठोडं पोटाशी धरलं आणि पाहुण्यांसमोरून चालत गेली. पदर खांद्यावर घसरला, तो तिनं घसरू दिला. साडीवर रक्त उतरलं, तेही उतरू दिलं. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. फिरवू देत.

सकाळी बाळाला ज्या काट्यावर तोललं होतं त्याच काट्यावर डॉक्टरांनी गाठोडं ठेवलं आणि कोरड्या कपड्यांचं वजन वजा केलं. लिटरच्या वर रक्त गेलं होतं. मग धावपळ उडाली. सलाईन लागली, इंजेक्शनं झाली, लातूरला रक्त तयार ठेवायला फोन गेला आणि शिवकन्येला घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स निघाली.

बारशाला शिवकन्या पाळण्याजवळ बसली होती, अजून पिवळी, पण बसलेली. गुरुबसप्पा रुद्राणीशी अजून बोलत नव्हते. पार्वतम्मा तिच्या बाळंतपणासाठी जुनी लुगडी फाडून घड्या घालत होत्या. रुद्राणीनं तो गठ्ठा उचलून आपल्या ट्रंकेत ठेवला.

"आत्या, हे कपडे माझ्याजवळ ऱ्हातील. भिजलेला एकेक डॉक्टरीणबाईच्या हातात जाईल."

"आन् नजर लागली म्हंजे?"

"लागू द्या," रुद्राणी म्हणाली. "मी जितीच घरी येणार हाय."