अडीच किलोचा फ्लॅप

उद्धव सरांना विमान उडवायचं होतं, आणि तेही स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तिकीट काढून खिडकीपाशी बसायचं असतं तर केव्हाच बसले असते, तेवढी पेन्शन त्यांना होती. पण नाही. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली, आणि आठ वर्षं हा माणूस तिथे दोन सीटचं विमान बांधत बसला. नातेवाइकांनी आधी हसून घेतलं, मग कंटाळून हसायचंही सोडलं. बायको, रमाताई, तेवढ्या रोज डबा भरून द्यायच्या. हसायचं की रडायचं ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

आता विमानाला फक्त फ्लॅप बसवायचे राहिले होते. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप. उतरताना ती खाली केली की विमान हळू झालं तरी हवेत तरंगून राहतं. मोर्शीच्या रस्त्याला सरांनी उत्तमराव नावाच्या शेतकऱ्याचं जे पडीक शेत धावपट्टीसाठी ठरवलं होतं ते होतं आखूड. फ्लॅप नसते तर विमान थेट पलीकडच्या संत्र्याच्या बागेत घुसलं असतं.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. सरांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची बाहेरची कड धुक्यात गेली होती आणि धुकं दर दोन महिन्यांनी थोडं आत सरकत होतं. तरुणपणी घेतलेला वैमानिकाचा परवाना त्यांनी जिवापाड जपला होता, पण दिवाळीच्या पाडव्यानंतर त्यासाठी लागणारी डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "या वेळी पास होणार नाही, सर. पुढच्या वेळचं तर विचारूच नका." म्हणजे उडायचं तर दिवाळीच्या आत, एकदाच. हे एकट्या रमाताईंना माहीत होतं.

त्यात वजनाची पीडा. विमान कागदावरच्या मर्यादेच्या काठावर येऊन बसलं होतं, फ्लॅपच्या यंत्रणेसाठी उरले होते तीन किलो. सरांनी रमाताईंच्या स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा शेडवर नेला तो परत आलाच नाही. विजेच्या मोटरने फ्लॅप चालवावेत तर मोटर, वायर आणि मोठी बॅटरी मिळून साडेपाच किलो. तारा आणि लांब दांडा लावावा तर वजन कमी, पण दांड्याला जोर इतका लागायचा की त्यासाठी सांगाडा कापून पुन्हा जोडावा लागला असता. त्यात वर्ष गेलं असतं, आणि वर्ष कुठून आणायचं? उरला हातपंप. सीटच्या बाजूला छोटी मूठ, ती सात-आठ वेळा हलवली की नळीतलं तेल सिलिंडरात जातं आणि दोन्ही झडपा एका दांडीवर जोडलेल्या असल्याने बरोबरीने खाली येतात. मूठ फिरवून तेल सोडलं की स्प्रिंग त्यांना वर ओढते. तीन आठवडे आकडेमोड करून सरांनी हातपंपावर बोट ठेवलं, आणि अकोल्याच्या नत्थुजींना फोन लावला.

नत्थुजींचं अकोल्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जॅक बनवायचं वर्कशॉप. पॉलिटेक्निकच्या पोरांना प्रात्यक्षिक दाखवायला सर त्यांनाच बोलवायचे, तेव्हापासूनची दोस्ती. नत्थुजींनी पंधरा दिवसांत सिलिंडर बनवून आणला. काट्यावर ठेवला, सात किलो दोनशे.

"नत्थुजी, मला झडप उचलायची आहे, सोयाबीनची ट्रॉली नाही."

"सर, तुमी त्यात बसून वर जासान. माह्या हातून पातळ पत्रा कसा लागंन जी?" नत्थुजी म्हणाले. त्यांना ते खरंच पटत नव्हतं.

सरांनी मग दुसरी वाट काढली. जुन्या जीपच्या क्लचमधला ॲल्युमिनियमचा छोटा पंप घेतला, त्याच्या मापाचा सिलिंडर नत्थुजींकडून ॲल्युमिनियममध्येच कातून घेतला. आतले रबरी वायसर जीपचेच, ब्रेक ऑइलवर चालणारे. वजन भरलं दोन किलो पाचशे चाळीस. त्यातले चाळीसही सरांच्या डोळ्यात सलायला लागले. तेलाच्या डबीवर तेलाचं नाव कोरलेली पितळी पट्टी होती, ती त्यांनी पक्कड लावून उखडली. मी सोडून यात तेल घालणार कोण, असा त्यांचा हिशेब. बरोबर अडीच किलो झालं तेव्हा माणूस शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवत होता.

फ्लॅप खाली यायचे आणि वर जायचे, अगदी लोण्यासारखे. विमान पास करणाऱ्या तपासणी अधिकाऱ्यांची तारीख मिळाली, दसऱ्यानंतर नवव्या दिवशी. ते पास म्हणाले की दुसऱ्याच दिवशी उडायचं. सरांनी तारखेभोवती कॅलेंडरवर गोल केला नाही, उगाच दृष्ट लागायची. विज्ञान शिकवलेला माणूस, पण त्या दिवसांत त्याचं काही सांगता येत नव्हतं.

दसऱ्याला सरांच्या डोळ्यातला दाब वाढला आणि ते घरी अंधार करून पडून राहिले. संध्याकाळी नत्थुजी आणि त्यांच्या बायको पार्वताबाई अकोल्याहून सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवून नत्थुजी म्हणाले, "सर, वॉचमनजवळून चाबी घेतली अन् शेडमंदी जाऊन आलो. इमानाची पूजा केली. हिनं झेंडूचा हार आनला होता तो घातला. सगळं टिपटॉप करून ठेवलं, तुमी आता काई फिकर करू नका." सरांना भरून आलं. आठ वर्षांत त्यांच्या विमानाला कोणी फूल वाहिलं नव्हतं. पुढचे दिवस डॉक्टरांनी घराबाहेर पडू दिलं नाही, तेव्हा तो हार सर रोज मनातल्या मनात पाहत होते.

नवव्या दिवशी अधिकारी आले. भला माणूस होता. सांगाडा पाहिला, इंजिन पाहिलं, कागद पाहिले, दोनदा "वा" म्हणाला. मग म्हणाला, "फ्लॅप दाखवा."

सरांनी मूठ हलवली. मूठ जड गेली. आठ वेळांच्या जागी वीस वेळा हलवली तेव्हा फ्लॅप कण्हत खाली आले. सरांनी तेल सोडलं. फ्लॅप हलले नाहीत. अधिकाऱ्यांनी हाताने ढकलून पाहिले, तरी नाहीत.

"उतरणं फसलं तर पुन्हा वर जावं लागतं, सर," अधिकारी हळूच म्हणाले. "हे असे खाली अडकले तर तुम्ही जाणार कसे? मी सही करू शकत नाही." आणि पुढचा दौरा फेब्रुवारीत आहे असं सांगून ते गाडीत बसले.

सरांनी डबी उघडून बोट बुडवलं, वास घेतला, आणि त्यांना सगळं कळलं. आत ट्रॅक्टरचं हायड्रोलिक ऑइल होतं. नत्थुजींच्या वर्कशॉपात दर दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, आणि पूजेआधी एकूण एक यंत्रातलं जुनं तेल काढून नवं भरतात. वडिलांपासूनची रीत. तीच त्यांनी इथे पाळली होती, तीही सीलबंद नव्या डब्यातून, सगळ्यात महागडं तेल घालून. ब्रेक ऑइलसाठीचं रबर त्या तेलात फुगून पार अडकून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी आले, त्यांनीही बोट बुडवलं, आणि खाली स्टुलावर बसले.

"मीच मारलं न जी तुमचं इमान."

"विचारता येत नव्हतं?" सर ओरडले. आयुष्यात वर्गातल्या पोरांवर न ओरडलेला माणूस. "एक फोन करता येत नव्हता? जिथे तिथे आपलं ट्रॅक्टर!"

सरांची नजर डबीवर गेली, पट्टीच्या जागी राहिलेल्या दोन भोकांवर, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. चाळीस ग्रॅम. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. राग नत्थुजींवर काढून झाला होता आणि तो परत घेण्याइतकं मोठं मन त्या दिवशी त्यांच्याजवळ नव्हतं.

"चार महिन्याचाच तर सवाल हाय," जाताना नत्थुजी म्हणाले. "फेब्रुवारीत पास करून घेऊ. माह्या हातानं बिघडलं, माह्याच हातानं दुरुस्त करतो." सर मान हलवून हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रमाताई त्या रात्री एवढंच म्हणाल्या, "त्यांना खरं सांगून टाका." सर म्हणाले, सांगतो. सांगितलं नाही. पाडवा झाला, डोळ्यांची तपासणी झाली. अंधाऱ्या पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं, आणि सर बराच वेळ नुसतं बटण धरून बसले होते. परवाना गेला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नत्थुजी शेडवर हजर. वर्कशॉपाला आठ दिवस कुलूप घालून त्यांनी नवा सिलिंडर कातला होता, वायसर नवे, तेल ब्रेकचंच. वजन दोन किलो चारशे, म्हणजे सरांच्या यंत्रणेपेक्षाही शंभर ग्रॅम कमी. तेलाचं नाव त्यांनी डबीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. "बसा सर, पट्टे बांधा, चालवून पाहा," ते म्हणाले. तोंडावर आनंद मावत नव्हता. नाही कसं म्हणायचं? सर सीटवर बसले, खांद्यावरून पट्टे बांधले आणि मूठ हलवली.

मूठ अशी चालली की विचारू नका. एक, दोन, तीन. सरांनी मान डावीकडे वळवून पंखाच्या मागे पाहिलं. तेवढं मागे पाहायचं म्हणजे नाक आड येतं, आणि काम डाव्या डोळ्यालाच करावं लागतं. सात झाले, आठ झाले, मूठ ठरल्या जागी घट्ट झाली.

"उतरले का फ्लॅप, नत्थुजी?" सरांनी विचारलं.

नत्थुजी पंखाला हात लावून उभे होते. फ्लॅप सरांपासून दोन हातांवर, पूर्ण खाली आलेला होता, आणि शेडच्या दारातून त्याच्यावर लख्ख ऊन पडलं होतं. नत्थुजींनी फ्लॅपकडे पाहिलं, मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधीपासून, सर?" त्यांनी विचारलं.