पान नंबर सांगा, सर

मला वीसपैकी सात मिळाले आणि टेपरेकॉर्डरला सतरा, तेव्हाच माझं डोकं सणकलं. टेपरेकॉर्डर म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. सरांच्या नोट्स तिला स्वल्पविरामासकट पाठ असतात. तिच्यावर माझा राग नव्हता, ती बिचारी सांगितलं तेवढं लिहिते. राग होता तो माझ्या पेपरावरच्या लाल शेऱ्याचा: 'मुख्य अवतरण नाही. निबंध साच्यात नाही. पुन्हा लिहून आणा.' दहाच्या खाली मार्क पडले तर पुढच्या वर्षी साहित्य हा विषय घेता येत नाही, आणि मला दुसरं काहीही घ्यायचं नव्हतं.

साचा आमच्या सरांचा. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. प्रत्येक मुद्द्याला धड्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत लिहायचं आणि त्याखाली हिरव्या पेनाने रेघ मारायची. सर पेपर वाचत नाहीत, हिरव्या रेघा मोजतात. तीन रेघा दिसल्या की पंधराच्या पुढे, दोन असल्या की बारा. एकशेचाळीस पेपर आणि तपासणारा एकटा जीव, तो तरी काय करणार, हे मला कळतं. पण ह्याच सरांनी वर्षाच्या सुरुवातीला आम्हाला विश्लेषण शिकवलं होतं, आणि झकास शिकवलं होतं. "आधी तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा. मग धड्यावर बोट ठेवून दाखवा. आणि मग स्वतःलाच विचारा, बरं, मग काय?" महिनाभर वर्गात असा कल्ला चालायचा की शेजारच्या वर्गातून दारावर थापा पडायच्या. मग परीक्षा जवळ आली, झेरॉक्स नोट्स आल्या आणि आमची तोंडं बंद झाली.

धडा अकरा पानांचा. एक बाई दिवसभर लाँड्रीत कपडे धुते, घरी येऊन रांधते, नवऱ्याला आणि चार मुलांना वाढते. शेवटी भांड्यात तिच्यापुरतं काही उरत नाही. ती भांडं घासते, पाणी पिते आणि दिवा मालवते. संपला धडा. नोट्समध्ये लिहिलं होतं की ही बाई म्हणजे त्यागाची मूर्ती, आणि पुरावा म्हणून तिचं ते प्रसिद्ध वाक्य: 'तुमची पोटं भरली, की माझं भरलंच.' हे वाक्य आमच्या शाळेत पोरासोरांनाही येतं. पाण्याच्या नळांच्या वर भिंतीवर ते निळ्या रंगात रंगवलेलं आहे.

मी रविवारी दुपारी फरशीवर बसून निबंधाची मांडणी केली होती. एका पुराव्याला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर पान नंबर, आणि खाली 'मग काय?' त्या वाक्याचीही चिठ्ठी केली आणि पान शोधायला लागले. सापडेना. अकराच्या अकरा पानं तीनदा वाचली. वाक्य नव्हतंच. ती बाई अख्ख्या धड्यात एक शब्दही बोलत नाही! नवरा पेपरातून मान वर न करता तीनदा विचारतो, "झालं का तुझं?" आणि तिन्ही वेळा ती उत्तर देत नाही. भांडं ती ठेवत नाही, आदळते, एवढं की धाकटं दचकून उठतं. आणि दिवा मालवते तेव्हा नवऱ्याचं वाचन अजून चालू असतं. मूर्ती कसली, ही बाई संतापली होती. मी तेच लिहिलं, तीन मुद्द्यांत, पान नंबरांसकट. हिरवी रेघ एकही मारली नाही, कारण अवतरणांच्या जागी मी पान नंबर दिले होते.

पेपर घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, त्या वाक्याचा पान नंबर सांगा."

"अगं, ते वाक्य कोणाला माहीत नाही? भिंतीवर लिहिलंय!"

"भिंत धड्यात नाही, सर."

झालं. स्टाफरूममधले चहाचे कप हवेतच थांबले. सर चिडले, मग सावरले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. एक वाक्य घाल, एक रेघ मार, एकाच रेघेवर मी चौदा देतो. तुझाच फायदा आहे."

"नसलेलं वाक्य मी लिहिणार नाही."

"मग सातावर बस. आणि उद्या पालकांना घेऊन ये."

घरी बाबांनी कपाळाला हात लावला. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? एका वाक्याने तुझं काय झिजणार आहे?" आई शर्टाच्या कारखान्यात तपासनीस आहे, दिवसाला चारशे शर्ट उलटेसुलटे करून चुका काढते, आणि घरी आल्यावर तिला कोणाच्याच चुका काढायचा उत्साह नसतो. तिने फक्त विचारलं, "किती वाजता जायचंय?"

मोठ्या बाईंच्या खोलीत चारच खुर्च्या होत्या. मोठ्या बाई टेबलामागे, सर त्यांच्या उजव्या हाताला, आई आणि मी समोर. बाईंना निकालाचे तक्ते संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते, त्यामुळे त्या घाईत होत्या. "सर, ते वाक्य दाखवून टाका तिला आणि मिटवा," त्या म्हणाल्या.

सरांनी पुस्तक उघडलं. पहिल्यांदा ते चटचट पानं उलटत होते, शब्द ओठांवर तयार होते, फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. मग पानं हळू उलटायला लागली. शेवटून पुन्हा सुरुवातीला. कपाळाला घाम आला. "नव्या आवृत्तीत गाळलं असणार," ते म्हणाले. मोठ्या बाईंनी कपाटातून जुनी आवृत्ती काढली, धुळीने सगळे शिंकलो, पण वाक्य तिथेही नव्हतं. सरांनी एकोणीस वर्षं ते शिकवलं होतं. त्यांना ते त्यांच्या सरांच्या नोट्समधून मिळालं होतं, आणि त्या सरांना कुठून मिळालं देव जाणे. त्या क्षणी मला सरांची दया आली, हे कबूल करते. पण दया आली म्हणून काही मी मागे हटणार नव्हते.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठीक आहे. नसेल वाक्य. पण सगळ्या मुलांनी लिहिलंय, त्यांना मार्क दिलेत, आता ते काय उकरत बसायचं? तूही लिही आणि पास हो. अहो, तुम्ही तरी हिला सांगा ना!"

हे आईला होतं. आई तेवढ्या वेळात जुनं पुस्तक पुढे ओढून धडा वाचत होती. ओळीखाली बोट सरकवत, एकेक ओळ. तिने शेवटचं पान संपवलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाई, ही धड्यातली काहीच बोललेली नाही. घरी मी पण शेवटीच जेवते. मी पण हे वाक्य कधी म्हटलेलं नाही. पण माझ्या नावावर सगळे म्हणतात."

माझे कान तापले, कारण आई सरांकडे बघत नव्हती, मोठ्या बाईंकडेही नाही.

सरांनी माझा पेपर ओढून घेतला. मला वाटलं फाडतात आता. पण ते वाचायला लागले. पहिल्यापासून, नीट, खिशातल्या पेनाला हात न लावता. मग म्हणाले, "दुसरा मुद्दा कच्चा आहे. हात ओले असतील, भांडं निसटलं असेल. आदळलं म्हणजे रागच कशावरून?"

"निसटलं असतं तर लेखकाने 'पडलं' म्हटलं असतं, सर. 'आदळलं' म्हटलंय."

"मग हे निबंधात का नाही लिहिलंस? 'मग काय' कुठे गेलं?"

ते खरंच लिहायचं राहिलं होतं. सरांनी सातावर काट मारली आणि तेरा लिहिले. मी म्हटलं, "दुसऱ्या मुद्द्याचे दोन कापा, सर, बाकीचे पाच कशाचे कापलेत?" मोठ्या बाई म्हणाल्या, "पुरे! ऊठ!" आणि सरांना एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. मार्क त्यांनी वाढवले नाहीत. पण साहित्य मला मिळालं, आणि एकही खोटी ओळ न लिहिता मिळालं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी नाचायला हवं होतं. पण मला एक जुना निबंध आठवत होता. पाचवीत असताना मी 'माझी आई' हा निबंध लिहिला होता. त्यात आई सगळ्यांना वाढते, स्वतः शेवटी जेवते, आणि हसून म्हणते, 'तुमची पोटं भरली, की माझं भरलंच.' मला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तो निबंध मी स्टेजवर माइकसमोर वाचून दाखवला होता. भिंतीवरचं वाक्य उचलून मी सरळ आईच्या तोंडी घातलं होतं.

"आई, पाचवीतल्या त्या बक्षिसाला तू आली होतीस ना?"

"आले होते की. तिसऱ्या रांगेत होते."

"मग तेव्हाच का नाही म्हणालीस, की मी असं कधी बोलले नाही?"

"टाळ्या वाजत होत्या गं," आई म्हणाली. "आणि मला विचारलं कोणी होतं?"

मी तिचा हात धरून तिला तिथेच थांबवलं. समोर बसथांब्यावर रांग होती, मागून हातगाडीवाला ओरडत होता. म्हटलं, "आता विचारते. काय वाटायचं तुला?"

आईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "भूक लागायची," ती म्हणाली. "रोज लागायची. आणि राग यायचा तुमचा. तिघांचाही. तुझा, तुझ्या भावाचा, बाबांचा. अजून येतो."

रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. आई मला बसथांब्यापासून दूर ओढायला लागली.

"बघू देत त्यांना," मी म्हटलं. "मोठ्याने सांग."

आणि तिने मोठ्याने सांगितलं.