सपाट जमिनीची हाव

मी रजई बोलतेय. म्हणजे अजून व्हायचीच आहे. खाली अस्तर, मध्ये कापूस, वर जुन्या शर्टांचे तुकडे, एवढंच माझं अंग. हे तीन थर कच्च्या टाक्यांनी नीट धरले गेले की मग पक्की शिवण. तिथेच माझं घोडं अडलंय.

घरात खोली एकच. तीत कपाट, शिलाई मशीन आणि सासूबाईंची खाट. मला पसरायला जमीन उरतेच कुठे? म्हणून महिनोन् महिने कपाटामागे गुंडाळून उभी. जीव नुसता गुदमरायचा.

एकदा सुनेने सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि मला खाटेवरच अंथरलं. भराभर टाके घातले, एकही सुरकुती नाही. उचलायला गेली तर गादीही सोबत उठली. पठ्ठीने मला गादीलाच टाचलं होतं! सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोघींनी बसून सगळं उसवलं.

तेव्हा सासूबाईंनीच युक्ती सांगितली. मला दोन्ही बाजूंनी दोन काठ्यांवर गुंडाळायचं, मशीनच्या टेबलावर वीतभर उघडायचं, तेवढं टाचायचं आणि पुढे सरकायचं. एक काठी ताणून धरायचं काम त्यांचं. रोज दुपारी दोघींच्या गप्पा रंगायच्या आणि मी मात्र कुढत असायची. वीतभर उजेड, बाकी सगळा अंधार.

सासूबाईंचा मुलगा एकदा ही कसरत बघत म्हणाला, "आईला धाकट्याकडे ठेवू. खाट निघाली की ऐसपैस जागा होईल."

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सासूबाई म्हणाल्या, "बरं. माझं काय, कुठेही भागेल." हातातली काठी त्यांनी तशीच ताणून धरली होती. सून खाली मान घालून टाके घालत राहिली.

काल खाट गेली. आज सुनेने मला जमिनीवर पूर्ण उघडलं. जन्मात पहिल्यांदा माझी पाठ जमिनीला टेकली. तिने चार टाके घातले, हात थांबवला, आणि नवऱ्याला म्हणाली, "आईंना घेऊन या."

"आत्ता तर सोडून आलो. बघू पुढे," तो म्हणाला आणि मला ओलांडून बाहेर गेला.

सून भिंतीला टेकून बसली आहे. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले आहे आणि मला जराही हलता येत नाही. ही एका माणसाची जागा आहे हो. कुणीतरी मला उचला.